‘बघून शिक’ म्हटलं की शिकतो का माणूस? – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की तुमच्या दुकानात, कारखान्यात, ऑफिसात नवीन माणसाला काम कसं शिकवता आणि त्यात अडतं कुठे. पत्रं भरपूर आली, ठाणे-नवी मुंबईतून तर सगळ्यात जास्त, आणि मला ते वाचून खूप बरं वाटलं कारण ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मी २२ वर्षं ट्रेनिंगचंच काम केलंय, त्यामुळे हे सगळे पत्ते ओळखीचे. पाच पत्रं घेतेय. नावं टाकत नाहीये, फक्त भाग सांगते.

प्रश्न (रबाळे): ताई, आमचं एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, १८ माणसं. आयटीआय झालेला मुलगा घेतला की १५ दिवस जुन्या ऑपरेटरच्या बाजूला उभा करतो, बघून शिक म्हणतो. तो मान डोलवतो, सगळं कळलं म्हणतो, आणि मशीनवर एकटा सोडला की रिजेक्शन सुरू. पार्टी, म्हणजे आम्हाला काम देणारी कंपनी, माल परत पाठवते. बाहेरच्या कोर्सला पाठवू का? की आजकालची मुलंच अशी आहेत?

उत्तर: दादा, मुलं अशी नाहीयेत. १५ दिवस नुसतं उभं राहून कोणालाच येणार नाही, तुम्हालाही आलं नसतं. तुम्ही शिकलात तेव्हा कोणीतरी कधीतरी हातावर फटका मारून का होईना पण नीट दाखवलं असेल, आठवून बघा.

एक प्रसंग सांगते. अशाच एका शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनं असतात तिथे, मी उभी होते. नवीन मुलगा एक पिन मायक्रोमीटरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) मोजत होता, ड्रॉइंगप्रमाणे २४.९८ ते २५.०० मिलिमीटर चालणार होतं. तो म्हणाला २४.९९, ओके, आणि ट्रेमध्ये टाकली. जुन्या ऑपरेटरने तीच पिन तोच मायक्रोमीटर घेऊन मोजली तर २५.०१, म्हणजे बाद. दोघंही खरं बोलत होते. मी दोघांचे हात बघत बसले तेव्हा कळलं की मुलगा थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरचा फिरवायचा भाग, मुठीत धरून आवळत होता आणि ऑपरेटर मागचं छोटं रॅचेट दोन बोटांनी फिरवून टक-टक वाजलं की थांबत होता. आवळलं की रीडिंग कमी येतं, मग जाडा जॉब पास होतो आणि पार्टीकडे जाऊन अडकतो. मुलाला विचारलं रॅचेट का नाही वापरत, तर म्हणाला, ते काय असतं? १५ दिवस तो बाजूलाच होता! ऑपरेटरना विचारलं तर ते म्हणाले, मॅडम यात सांगायचं काय, कोणीपण असंच धरतं ना.

इथेच सगळी मेख आहे. ज्याचा हात बसलेला असतो त्याला स्वतःच्या हाताचं कसब दिसेनासं होतं. तो लपवत नसतो, त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. आणि शिकणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं हे माहीत नसतं, तो मशीनकडे बघतो, बोटांकडे नाही.

यावर एक जुनी पण अजूनही पक्की पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांमधली कुशल माणसं कमी पडायला लागली आणि ज्यांनी कधी कारखाना बघितला नाही अशा लोकांना पटापट तयार करायची वेळ आली, तेव्हा १९४० ते ४५ मध्ये ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून कार्यक्रम चालला. १६ हजारांहून जास्त कारखान्यांत तो पोचला. पुढे युद्धानंतर तोच जपानला गेला आणि टोयोटाने तो आपलासा केला. मुळातली चार पायऱ्यांची कल्पना त्याहून जुनी, चार्ल्स ॲलन नावाच्या माणसाने पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी वापरलेली. त्या कार्यक्रमाचा एक नियम मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता, कामगार शिकला नाही याचा अर्थ शिकवणाऱ्याने शिकवलं नाही. कडक आहे, पण मला तो शंभर टक्के पटतो.

पायऱ्या अशा. आधी मुलाला मोकळं करायचं, त्याला यातलं किती येतं ते विचारायचं, घाबरलेला माणूस काही ऐकत नसतो. मग काम करून दाखवायचं, पण तीनदा: एकदा नुसत्या पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीत जपायचं काय ते सांगत, तिसऱ्यांदा ते का जपायचं ते सांगत. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करताना त्याने तोंडाने बोलायचं, पहिल्यांदा चुकेल तेव्हा तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करायचं. शेवटी त्याला एकटा सोडायचं पण अडलं तर कोणाकडे जायचं ते नाव घेऊन सांगायचं आणि आपणही सुरुवातीला तासातासाने चक्कर मारायची, मग हळूहळू कमी करायची.

यात तुमच्याकडे राहतंय काय तर ‘बोलत बोलत करणं’. ‘कळलं का’ असं कधीच विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं. ‘आता तू मला शिकव’ म्हणा, लगेच समजतं कुठे भोक आहे ते.

जपायच्या गोष्टी शोधायच्या कशा, तर तीन प्रश्न. काय चुकलं तर जॉब बिघडेल? काय चुकलं तर हात जाईल? आणि कोणत्या युक्तीने काम सोपं होतं? प्रत्येक कामाला एक कागद करा, एका बाजूला पायरी, मध्ये जपायचं काय, शेवटी का. तुमच्याच मशीनचं उदाहरण घेते. जॉब लावणं ही पायरी, जॉब पकडणाऱ्या जबड्यातली बर (धातूचा कीस) ब्रशने साफ करणं हे जपायचं, कारण एक कण राहिला तरी जॉब तिरका बसतो. व्यास ०.०२ ने जास्त आला तर ऑफसेटमध्ये (टूलची जागा दुरुस्त करायला मशीनमध्ये भरतात त्या आकड्यात) वजा ०.०२ द्यायचं ही पायरी, आणि फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘+इनपुट’ दाबायचं, नुसतं ‘इनपुट’ नाही हे जपायचं, कारण नुसत्या इनपुटने आधीचा आकडा पुसला जाऊन नवीन बसतो आणि टूल भलतीकडेच जातं, कधी जॉबवर आपटतं. ही गोष्ट किती शॉपमध्ये मुलाला पहिल्या दिवशी सांगतात? मी तरी फार कमी ठिकाणी बघितलीय, बहुतेक मुलं ठोकल्यावर शिकतात.

आणि सगळं एकदम देऊ नका. पहिला आठवडा फक्त मोजमाप, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, रोज दहा पिना द्या ज्यांचं माप तुम्ही आधीच लिहून ठेवलंय. मग जॉब लावणं-काढणं आणि बर काढणं. मग ऑफसेट. मग इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापायचं पातं, बदलणं. सेटिंग त्याच्या नंतर, प्रोग्रॅम तर त्याहून पुढे, आणि बाहेरचा कोर्स लावायचाच असेल तर त्या टप्प्याला लावा, आत्ता नको.

एक शेवटचं, यातलं सगळ्यात अवघड. जो ऑपरेटर शिकवणार आहे त्याचं त्या दिवसाचं टार्गेट कमी करा. शिफ्टला पूर्ण नग पण मागायचे आणि मुलाला पण तयार कर म्हणायचं, हे होत नाही, तो बिचारा नगच काढणार कारण तुम्ही संध्याकाळी नगच मोजता.

प्रश्न (ऐरोली): माझं पोळी-भाजी केंद्र आहे, सेक्टरमधले ऑफिसवाले आणि एकटे राहणारे आजी-आजोबा डबा नेतात. आठ बायका आहेत. एक सुट्टीवर गेली की दुसरीच्या हातची आमटी लगेच ओळखू येते, गिऱ्हाईक फोन करतं. मी कृती लिहून भिंतीवर लावली पण दोघींना नीट वाचता येत नाही आणि बाकीच्या बघतच नाहीत.

उत्तर: ताई, हाताची चव वेगवेगळी असते हे खरं, पण गिऱ्हाईकाला वेगळं लागतं ते बहुतेक वेळा माप वेगळं म्हणून. ‘थोडं मीठ’, ‘अंदाजे तिखट’, ‘लिंबाएवढा गूळ’, प्रत्येकीचं लिंबू वेगळं असतं! तर आधी कागद काढून टाका आणि मापं आणा. मिठाला एक चमचा, तिखटाला एक, तो त्या डब्यातच ठेवायचा, दुसरा चमचा त्यात घालायचा नाही. पातेल्याला आतून पाण्याची खूण. एक छोटा वजनकाटा, कणकेचा गोळा ४० ग्रॅम म्हटलं की ४०, दोन दिवस तोलतील, तिसऱ्या दिवशी हाताला कळायला लागतं. मी स्वतः माझ्या बहिणीच्या किचनमध्ये हे केलंय, आठवड्यात काटा बाजूला पडला आणि गोळे सारखे.

वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोटो लावा. फोडणीत मोहरी तडतडली, कांदा या रंगाचा झाला की टोमॅटो, असे तुमच्याच कढईचे, तुमच्याच गॅसवरचे चार फोटो, नेटवरचे नकोत.

नवीन बाई आली की तिला थेट कणीक मळायला बसवू नका, उलटीकडून सुरू करा. आधी फक्त भाजायला द्या, लाटून दुसरी देईल. भाजताना तिला समजतं की पोळी एका बाजूला जाड असली की फुगत नाही, कणीक घट्ट असली की कडक होते. मग लाटायला. लाटताना तिला आधीच माहीत असतं की आपण काय बिघडवू शकतो. शेवटी मळायला. यात पहिल्या दिवसापासून तिच्या हातून पूर्ण झालेली चांगली पोळी बाहेर पडते, आणि तो आनंद मोठा असतो हो, सकाळी सातला गावदेवीवरून चालत आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी ‘पोळी बिघडवलीस’ ऐकायला लागलं तर ती परत का येईल?

आणि स्वच्छतेचं ट्रेनिंग वेगळं घ्या. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, फॉस्टॅक नावाचा कार्यक्रम आहे, लायसन्सवाल्यांसाठी दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे निदान एक प्रशिक्षित सुपरवायझर असा त्यांचा हिशोब आहे, केटरिंगवाल्यांचा कोर्स त्यात वेगळा आहे. तुम्ही किंवा तुमच्यातली एक हुशार बाई जाऊन या आणि मग बाकीच्यांना तुमच्या ओट्यापाशी उभं राहून शिकवा.

प्रश्न (महापे): मी एका सर्व्हिस कंपनीत एचआरमध्ये आहे. सगळं ट्रेनिंग आता ऑनलाइन मोड्यूलवर आहे, शेवटी क्विझ. लोक व्हिडिओ लावून दुसऱ्या विंडोत काम करतात, नेक्स्ट नेक्स्ट करतात, क्विझची उत्तरं ग्रुपवर फिरतात. रिपोर्टमध्ये पूर्ण झालेलं हिरवं दिसतं. वरचे खूश आहेत पण त्याच चुका परत होतात.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला माझीच एक चूक आठवली आणि ती अजून लागते मनाला. आम्ही दोन दिवसांचा क्लास घेतला होता, एसी हॉल, चांगलं जेवण, शेवटी फॉर्म भरून घेतले, सगळ्यांनी ‘उत्तम’ लिहिलं. तीन महिन्यांनी मी खाली शॉपवर गेले तर शिकवलेलं एकही जण करत नव्हतं. म्हणजे मी माझ्या कामाचा हिशोब फॉर्मवर केला होता.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच हे मांडलं होतं, की ट्रेनिंग चार ठिकाणी तपासायचं: लोकांना आवडलं का, त्यांना आलं का, ते कामावर तसं करायला लागले का, आणि त्याने धंद्यात काही फरक पडला का. आपण पहिल्यावर थांबतो. तुमची हिरवी खूण तर पहिल्याच्याही अलीकडची आहे, नुसतं बटण दाबल्याची.

दुसरं म्हणजे विसरणं. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीच्या काळातच गळतं, नंतर गळण्याचा वेग कमी होतो. म्हणून ४० मिनिटांचं एक मोड्यूल एकाच दिवशी बघण्यापेक्षा सात-आठ मिनिटांचे तुकडे करा आणि तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने परत विचारा. परत दाखवू नका, विचारा. आठवायला लावलं की ते बसतं, परत वाचून तेवढं बसत नाही.

क्विझचं म्हणाल तर एबीसीडी काढून टाका. मागच्या आठवड्यात तुमच्या टीमकडे आलेली खरी तक्रार घ्या, गिऱ्हाईकाचं नाव झाकून, आणि विचारा तू काय उत्तर दिलं असतंस, चार ओळीत लिही. हे ग्रुपवर फिरवून फायदा नाही कारण दोघांचं सारखं आलं की पकडलं जातं. सोमवारी सकाळी टीम लीडरने त्यातली दोन मोठ्याने वाचायची, १५ मिनिटं, बस. तुम्हाला त्यासाठी नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, टीम लीडरची १५ मिनिटं लागतात, ती मिळवायला भांडा.

आणि लैंगिक छळ प्रतिबंधाचं जे सेशन असतं, २०१३ चा कायदा, दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागतेच, ते कृपा करून नेक्स्ट नेक्स्टवर सोडू नका. समितीतली माणसं समोर येऊन बसू देत, चेहरा बघितला असेल तर एखादी मुलगी उद्या जाऊन बोलेल.

प्रश्न (वागळे इस्टेट): शिकवतो आणि सहा महिन्यांत मुलगा दोन हजार जास्त मिळाले की बाजूच्या गाळ्यात जातो. बाँड लिहून घेऊ का? ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतात काही जण.

उत्तर: मार्कशीट अजिबात ठेवू नका, हे चूक आहे, मुलाच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून मिळवलेला कागद आहे तो. बाँडचं असं की नोकरी चालू असतानाच्या काळापुरता ठरावीक मुदतीचा, रास्त रकमेचा करार कोर्ट मान्य करू शकतं, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख ही अट योग्य धरली. पण सोडल्यावर बाजूच्या गाळ्यात काम करायचंच नाही असं लिहून घेतलंत तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकणं कठीण. तुमच्या वकिलाला विचारूनच करा. पण मनापासून सांगू का, दहा-वीस माणसांच्या गाळ्याला कोर्टकचेरी परवडत नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच कागदावर लिहून द्या की अमुक काम यायला लागलं की इतका पगार, अमुक आलं की इतका. मुलगा बाजूला जातो कारण त्याला तुमच्याकडे पुढची पायरी दिसत नाही.

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घेता का? १९६१ च्या कायद्याखाली ३० आणि वर माणसं असली तर घ्यावेच लागतात, ४ ते २९ वाल्यांना हवे तर घेता येतात. राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं. नोंदणी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर होते. जवळच्या आयटीआयच्या सरांना एकदा जाऊन भेटा, ते मुलं पण चांगली सुचवतात.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमचं साड्यांचं दुकान सासऱ्यांपासून आहे. एक काका ३१ वर्षं काउंटरवर आहेत, बायका त्यांचं नाव विचारत येतात. दोन नवीन मुली ठेवल्यात, पण काका त्यांना काहीच शिकवत नाहीत. विचारलं की ‘येईल येईल’ म्हणतात, किंवा गिऱ्हाईक आलं की मुलीला चहा सांगायला पाठवतात. त्यांना रागवायचं कसं, माझ्या लग्नाच्या आधीपासून आहेत ते.

उत्तर: रागवू नका. काका वाईट नाहीत, काका घाबरलेत. ३१ वर्षांत त्यांच्याकडे दुसरं काय जमलंय, त्यांच्या हाताला साडी कळते एवढीच त्यांची ठेव आहे, आणि तुम्ही म्हणताय ती ठेव अर्ध्या पगारावरच्या मुलीला द्या. मी अशी माणसं खूप बघितलीत, आणि खरं सांगते, काही ठिकाणी त्यांची भीती खरी ठरलेली पण बघितलीय, शिकवून झालं आणि मग त्यांनाच घरी बसवलं. त्यामुळे नुसतं ‘काका असं कसं होईल’ म्हणून ती जाणार नाही.

तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघं मिळून त्यांच्याशी बोला, मुली नसताना. त्यांची नोकरी किती वर्षं आहे, साठीनंतर काय, तब्येत बरी नसली तर अर्धा दिवस चालेल का, हे आधी ठरवून जा आणि लिहून द्या. शिकवण्याचे महिन्याला वेगळे पैसे द्या, थोडे का असेना पण वेगळे. त्यांचं विक्रीचं कमिशन असेल तर मुलीने केलेल्या विक्रीतला भाग त्यांना पण मिळू दे, म्हणजे मुलगी शिकली की त्यांचं नुकसान नाही तर फायदा.

शिकवायचं कसं हे पण त्यांना येत असेल असं धरू नका. त्यांना ‘शिकवा’ म्हटलं तर सुचणार नाही, मायक्रोमीटरवाल्या ऑपरेटरसारखंच, यात सांगायचं काय म्हणतील. मुलींना वही द्या आणि गिऱ्हाईक गेल्यावर फक्त एक प्रश्न विचारायला सांगा: काका, तुम्ही ही दुसरी साडी आधी का उघडलीत? या ‘का’ मधून सगळं बाहेर येतं. ते सांगतील की बाईंनी पहिल्या साडीवरून हात फिरवला पण किमतीची चिठ्ठी बघून हात काढला म्हणून त्याच रंगातली खालची काढली. ते सांगतील पैठणीचा पदर उलटून दाखवायचा, हातमागाची असेल तर नक्षी मागून पण तशीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत, आणि गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी आपणच उलटायचा, त्याने विश्वास बसतो. रेशमाचा धागा जाळला की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरा होते, कृत्रिम धाग्याची वितळून गोळी होते, हे ते एकदा मागच्या खोलीत दोघींना करून दाखवू देत, त्या जन्मात विसरणार नाहीत.

मंगळवार-बुधवारची दुपार दुकानाला मोकळी असते ना, तेव्हा अर्धा तास ठरवून द्या, आणि त्या वेळात मुलींनी गिऱ्हाईक व्हायचं, मग काकांनी गिऱ्हाईक व्हायचं आणि मुलीने साड्या दाखवायच्या. काका गिऱ्हाईक झाले की बघा कसे घासाघीस करतात!

आणि मुली पुढे दुकानात चांगली साडी विकतील तेव्हा बाईंना सांगू देत, मला काकांनी शिकवलं. हे तुम्ही मुलींना आधीच सांगून ठेवा. काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.